विंडोजशेजारी लिनक्स: घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टिम बसवण्याचा क्रम

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवताना जे बिघडतं, ते बहुधा बसवायला घेण्याआधीच बिघडलेलं असतं. बॅकअप घेतलेला नसतो. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, किल्ली कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नसतं. विंडोज बंद केल्यासारखी दिसते, पण खरी बंद झालेली नसते. गणपतीला मुंबईहून आलेला भाचा दोन दिवसांत ‘बसवून देतो’ म्हणतो, विसर्जन आटोपून गाडीत बसतो, आणि इकडे पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागणारी निळी खिडकी उभी राहते. भाच्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला क्रम कुणी सांगितलेलाच नसतो.

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली चालणारी पण ११ न घेणारी मशीनं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांत आहेत. अशा मशीनवर विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स मिंट २२ ही लिनक्सची एक आवृत्ती कशी बसवायची, ते इथे सांगतो. उबुंटू बसवायचं असेल तरी क्रम हाच, फक्त पडद्यावरची चित्रं वेगळी दिसतील.

## आधी हे ठरवा: तुम्हाला विंडोज कशासाठी ठेवायची आहे?

टॅली, श्रीलिपीसारखी जुनी डीटीपी सॉफ्टवेअर, जीएसटीसाठी लागणारा डिजिटल सहीचा टोकन, ही कामं विंडोजवरच ठेवा. लिनक्सवर ती जुळवत बसू नका. प्रिंटरचाही आधीच विचार करा. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर फारशा खटपटीशिवाय चालतात. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून शाळेच्या ऑफिसपर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो, आणि लिनक्सवर तो चालवायला नवशिक्याचा घाम निघतो. प्रिंट विंडोजमधून काढायची असं ठरवून टाकलंत तर प्रश्नच मिटतो.

इंटरनेट, बँकेचं काम, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, फोटो, होमस्टेचं बुकिंग पाहणं यासाठी लिनक्स पुरेसं आहे. जुन्या मशीनवर ते हलकंही वाटतं.

## टप्पा १: दिवस आणि वीज

हे काम पावसाळ्यात ढग गडगडत असताना काढू नका. लाईट गेली तर काम थांबतं इतकंच होत नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली, तर पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, माहितीच अर्धवट राहू शकते.

लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावलेला ठेवा. बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसेल तर तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपच समजा.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर वीज उचलतो त्याला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात पंखा थांबत नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. तो यूपीएसवर असेल तर अदलाबदल लवकर होते.

तपासा: सगळी कामं सेव्ह करून, विंडोज नुसती चालू ठेवून, इन्व्हर्टरकडे किंवा यूपीएसकडे येणारी मेनची वीज एकदा बंद करून पाहा. कॉम्प्युटर चालू राहिला तर पुढे जा. रिस्टार्ट झाला तर यूपीएसची सोय होईपर्यंत थांबा.

## टप्पा २: मशीनची ओळख करून घ्या

विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा, उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

१. बायोस मोड: यूईएफआय ही नवी पद्धत की लेगसी ही जुनी. (बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर.) पुढच्या निम्म्या चुका या एका ओळीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

२. रॅम: ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन. २ जीबीवर मिंट सुरू होतं, पण ब्राउझरची चार पानं उघडली की रखडतं.

३. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सुरक्षा, चालू की बंद.

मग ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. किती डिस्क आहेत, प्रत्येकीवर किती पार्टिशनं आहेत, हे दिसेल. या पडद्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. बसवताना लिनक्समध्ये सी, डी, ई अशी नावं दिसत नाहीत, तिथे आकारावरूनच ओळख पटवावी लागते. तेव्हा हा फोटोच कामाला येतो.

बाजारात जोडून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपवर बहुधा लेगसी मोड आणि एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क निघते. तिच्यावर प्रायमरी पार्टिशनं चारच होतात. चारही भरलेली असतील तर मोकळी केलेली जागा वापरता येत नाही. अशा वेळी डी किंवा ई हे एक्स्टेंडेड भागातलं पार्टिशन असेल तर त्यातलीच जागा काढा. डिस्कवर ‘डायनॅमिक’ असं लिहिलेलं दिसलं तर इथेच थांबा, माहितगाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ‘गुड’ आलं तर ठीक. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर ती डिस्क आधी बदला. मरायला टेकलेल्या डिस्कवर पार्टिशनची हलवाहलव करणं म्हणजे असलेला डेटाही हातचा घालवणं.

डेस्कटॉपवाल्यांसाठी आणखी एक. चाकरमान्यांची घरं महिनोन् महिने बंद असतात, आणि कॉम्प्युटरला तेवढा काळ वीज नसली की मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी लवकर उतरते. लक्षण सोपं आहे: कॉम्प्युटर चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. ही बॅटरी उतरली की बायोसमधल्या सेटिंग्जही मूळपदावर जातात, आणि कालपर्यंत चालणारी सिस्टिम आज डिस्कच सापडत नाही म्हणते. लोक मग लिनक्सला बोल लावतात. काम काढण्याआधी ती बॅटरी बदलून टाका.

## टप्पा ३: बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

बॅकअप घेतला असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण फाइली सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर नेतात. एकाच डिस्कवरची ही दोन पार्टिशनं असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांच्याच लक्षात राहतात. विसरतं ते हे: डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइली, डाउनलोड्समध्ये पडून असलेले सातबारा आणि आठ-अ चे उतारे, टॅलीच्या डेटाचा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि डीटीपी करत असाल तर जुने फॉन्ट. वनड्राइव्ह वापरत असाल तर ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीतच. त्या आधी उतरवून घ्या.

तपासा: बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चार-पाच फाइली खरोखर उघडून पाहा. नुसती नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

जमलं तर आणखी एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर त्यावर तयार करून ठेवा. बहुधा लागणार नाही. पण विंडोज सुरू होईनाशी झाली तर दुरुस्तीचा रस्ता त्यातूनच जातो, आणि त्या वेळी दुसरा चालू कॉम्प्युटर गावात शोधत फिरावं लागत नाही.

## टप्पा ४: विंडोजची बाजू आवरून घ्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त छळतो. खालचा क्रम बदलू नका.

पहिलं, बिटलॉकर. घरगुती लॅपटॉपवरसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तुम्ही काही चालू केलं नव्हतं, म्हणून ते चालू नाही असं समजू नका. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज १० मध्ये ते अपडेट अँड सिक्युरिटीखाली असतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हखाली ‘बिटलॉकर एन्क्रिप्टेड’ असं लिहिलेलं दिसलं तरी कळतं.

चालू असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच कॉम्प्युटरवर फाइल करून ठेवू नका, कुलूप लागल्यावर ती आतच राहील. खातं कुणाच्या ईमेलवर आहे हेही बघा. कित्येकदा ते लॅपटॉप घेऊन देणाऱ्या मुलाच्या नाहीतर दुकानदाराने तयार केलेल्या ईमेलवर असतं, आणि त्याचा पासवर्ड कुणाकडेच नसतो. किल्ली हातात आल्यावरच एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क उलगडायला तासभर किंवा जास्तही लागू शकतो. तेवढा वेळ चार्जर काढू नका आणि लॅपटॉप मिटू नका.

दुसरं, अपडेट. विंडोजची राहिलेली अपडेट पूर्ण करा आणि रिस्टार्ट करा. अर्धवट अपडेट पोटात ठेवून पुढे गेलात तर पहिल्याच वेळी विंडोज गोंधळ घालते.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. हे चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून झोपते. मग लिनक्समधून ते पार्टिशन उघडायला गेलं की ते उघडत नाही, किंवा फक्त वाचता येतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा. वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबल्याशिवाय खालचे चौकोन हलत नाहीत, त्यामुळे पुष्कळ जण इथूनच परत फिरतात. ती ओळ दाबा, ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा आणि सेव्ह करा.

सावधान: इथून पुढे विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना हायबरनेट कधीही वापरू नका. शट डाउन किंवा रिस्टार्टच करा.

## टप्पा ५: जागा मोकळी करणं

लिनक्सचा इन्स्टॉलर स्वतःही विंडोजचं पार्टिशन लहान करून देतो. माझा आग्रह आहे की ते त्याच्याकडून करून घेऊ नका, विंडोजमधूनच करा. विंडोज आपल्या फाइली कुठे आहेत ते जाणते. शिवाय जागा आधीच मोकळी असली, तर नंतर बसवताना लाईट गेली तरी विंडोजच्या पार्टिशनला सहसा धक्का लागत नाही. आपल्याकडच्या विजेचा भरवसा पाहता हा फरक मोठा आहे.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ६० जीबीसाठी ६१४४० लिहा, १०० जीबीसाठी १०२४००. मिंट २० जीबीत बसतं, पण वापरायचं असेल तर ६० च्या खाली जाऊ नका. २५६ जीबीची एसएसडी असेल तर ६०, ५१२ ची असेल तर १००. सी ड्राइव्हवर विंडोजसाठी निदान ३०–४० जीबी रिकामी उरायलाच हवी, नाहीतर तिची पुढची अपडेट अडतात. डी किंवा ई वर भरपूर जागा असेल तर सी ला हातच लावू नका, तिथलीच जागा काढा.

कधी कधी शंभर जीबी रिकामी असूनही विंडोज पाच-सातच जीबी देऊ करते. मधोमध न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात, त्यामुळे असं होतं. हायबरनेशन, सिस्टिम रिस्टोअर आणि पेजिंग फाइल तात्पुरती बंद करा, डिस्क क्लीनअप चालवा, रिस्टार्ट करा आणि पुन्हा पाहा. जागा मिळाल्यावर पेजिंग फाइल आणि रिस्टोअर परत चालू करायला विसरू नका.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसेल. तिथे ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करू नका. ती तशीच राहू द्या, ती लिनक्ससाठीच आहे.

तपासा: विंडोज दोनदा रिस्टार्ट करा. नीट सुरू होते ना, फाइली उघडतात ना, हे पाहूनच पुढे जा. या पडद्याचाही नवा फोटो काढा.

## टप्पा ६: आयएसओ उतरवणं आणि पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ, म्हणजे सगळा इन्स्टॉलर ज्या एका फाइलीत असतो ती फाइल, साधारण तीन जीबीच्या घरात जाते. मोबाइलवर दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक असेल तर ती एका दिवसात उतरत नाही, आणि मध्येच तुटली की नकळत अर्धवट फाइल हाती येते. टॉरेंटने उतरवली तर तुटलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू होते. तेही जमत नसेल तर तालुक्याच्या गावी फायबर असलेल्या कुणाकडून, किंवा मुंबईहून येणाऱ्याकडून पेनड्राइव्हवर मागवा. फाइल मात्र मिंटच्या अधिकृत साइटवरचीच आणि ताजी हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर बऱ्याच जणांच्या दुहेरी मशीनवर जुनं लिनक्स सुरूच होईना. कुणाच्या तरी ड्रॉवरमधला तीन वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह वापरला तर हीच गत होऊ शकते.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. विंडोजमध्ये रूफस हे सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. आता लगेच स्टार्ट दाबू नका. निवडीच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं एक छोटं बटण आहे. ते दाबलं की फाइलचा एसएचए २५६ आकडा निघतो. मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी तो ताडून पाहा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी अर्धवट फाइल ओळखायला पुरे. जुळली नाहीत तर फाइल पुन्हा उतरवा. या पायरीला कुणी वेळ देत नाही, आणि मग बसवताना मध्यावर येणाऱ्या न समजणाऱ्या त्रुटींवर तास घालवतात.

बायोस मोड यूईएफआय असेल तर पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’ ठेवा, लेगसी असेल तर ‘एमबीआर’. पुढे रूफस विचारेल तेव्हा ‘आयएसओ इमेज मोड’ निवडा.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वारा यूएसबीच्या पत्र्यावर बसतो. डेस्कटॉपच्या समोरच्या बाजूचे पोर्ट आधी खराब होतात. पेनड्राइव्ह मध्येच नाहीसा होत असेल तर तो कोरड्या कापडाने पुसा आणि मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा.

## टप्पा ७: बसवण्याआधी चालवून पाहा

विंडोज शट डाउन करा. चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ १२, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तो मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असं लावून. टप्पा २ मध्ये यूईएफआय लिहून घेतलं असेल तर यूईएफआयवालाच निवडा. विंडोज एका मोडमध्ये आणि लिनक्स दुसऱ्या मोडमध्ये बसलं, तर दोन्ही एका मेनूत कधीच नीट येत नाहीत. मग सुरू करताना दरवेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं. पुष्कळांच्या घरी असं चालू आहे, आणि लिनक्स असंच असतं अशी त्यांची समजूत झाली आहे.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की डिस्कला अजून हात लागलेला नसतो. इथे निदान तासभर काढा. वाय-फाय दिसतं का? आवाज येतो का? टचपॅड, पडद्याचा उजेड, कॅमेरा, लॅपटॉप मिटून उघडल्यावर परत जागं होणं, हे सगळं करून पाहा. मराठी बातम्यांची एखादी साइट उघडा, अक्षरं नीट जुळतात ना बघा. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळतं, आणि ड्रायव्हर नंतर घालता येतो. पडदा काळा राहिला तर पुन्हा सुरू करून पहिल्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा.

मग मिंटमधलं ‘डिस्क्स’ उघडा. तुमची डिस्क आणि मोकळी केलेली जागा दिसते का? दिसत असेल तर उत्तम. काही लॅपटॉपवर डिस्क दिसतच नाही, कारण बायोसमध्ये इंटेलची आरएसटी किंवा रेड पद्धत लावलेली असते. ती बदलून एएचसीआय करावी लागते.

सावधान: ती बायोसमध्ये थेट बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून अडते. आधी विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून, बूट या टॅबवर ‘सेफ बूट’ची खूण करा. मग रिस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, खूण काढा, पुन्हा रिस्टार्ट करा. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढायची सवय लावून घ्या.

## टप्पा ८: प्रत्यक्ष बसवणं

आतापर्यंतचं झालं असेल तर हे सोपं आहे. बाहेरची हार्ड डिस्क आणि नको असलेले पेनड्राइव्ह आधी काढून टाका. चुकीची डिस्क निवडण्याचा धोका तिथेच संपतो.

१. डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. भाषा इंग्रजी ठेवा. मराठी निवडता येते, पण अडचण आली की मदत करणाऱ्याला मेनूंची इंग्रजी नावंच ओळखीची असतात. मराठी नंतर घालता येतं.

२. कीबोर्ड इंग्लिश यूएस. इथे मराठी निवडलंत तर पासवर्ड देवनागरीत टाइप होईल आणि नंतर लॉगिनला अडाल.

३. मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो साधा ठेवा आणि लिहून घ्या. पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. तो पडदा पाहून घाबरून लोक तो बंद करतात, आणि मग वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नाही.

४. आता सगळ्यात महत्त्वाचा पडदा, इन्स्टॉलेशन टाइप. ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ असा पर्याय दिसतो. डिस्क एकच असेल आणि मोकळी जागा आधी केलेली असेल तर बहुधा हाच पुरे. पण पुढे जाण्याआधी तो मोकळीच जागा घेतोय ना हे बघा. पार्टिशन लहान करण्यासाठी सरकवायची दांडी दाखवत असेल, तर मागे या आणि ‘समथिंग एल्स’ निवडा.

सावधान: ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ याचा अर्थ सगळी डिस्क पुसणं. विंडोज, डी ड्राइव्ह, फोटो, सगळं जातं. शब्द वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

५. ‘समथिंग एल्स’मध्ये ‘फ्री स्पेस’ ही ओळ शोधा आणि तिचा आकार फोटोतल्या आकड्याशी जुळवा. थोडासा फरक दिसेल, ते चालतं. त्या ओळीवर प्लसचं चिन्ह दाबा. आकार पूर्ण, प्रकार ‘ईएक्सटी ४’, माउंट पॉइंट म्हणजे एकच तिरकी रेघ (/). वेगळं स्वॅप पार्टिशन लागत नाही, मिंट स्वॅपसाठी स्वतः फाइल तयार करतं.

६. यादीत ‘ईएफआय’ नावाचं शे-दोनशे एमबीचं पार्टिशन दिसेल. ते विंडोज आणि लिनक्स दोघांचं आहे. त्याला तसंच राहू द्या, त्याच्या ‘फॉर्मॅट’च्या चौकोनात खूण करू नका. तिथे विंडोज सुरू करणारी फाइल असते. खाली बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, तीच डिस्क निवडा. लेगसी मशीनवर बूटलोडर पूर्ण डिस्कवर जातो, एखाद्या पार्टिशनवर नाही.

७. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर काय बदलणार आहे याची यादी येते. इथे हात कीबोर्डवरून काढा आणि यादी मोठ्याने वाचा. नव्या ईएक्सटी ४ पार्टिशनशिवाय दुसऱ्या कशाच्या पुढे ‘फॉर्मॅट’ लिहिलेलं असेल तर ‘गो बॅक’.

८. टाइम झोन कोलकाता. युजरनेम इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही. पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.

एसएसडीवर हे लवकर आटोपतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तास लागू शकतो. मध्येच लाईट गेली तर घाबरू नका. पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करा, ‘समथिंग एल्स’मध्ये ते अर्धवट ईएक्सटी ४ पार्टिशन निवडून, त्यालाच फॉर्मॅटची खूण करून नव्याने बसवा.

## टप्पा ९: पहिल्या दिवशीच उरकायची कामं

रिस्टार्ट झाल्यावर दोन्ही सिस्टिमचा मेनू दिसेल. लिनक्समध्ये रमण्याआधी एकदा विंडोज सुरू करून पाहा. डिस्क तपासणी आपोआप चालू झाली तर ती होऊ द्या. विंडोज नीट आली की शट डाउन करून लिनक्समध्ये या.

मेनू न येता थेट विंडोजच सुरू झाली तर काही गेलेलं नाही. बायोसमधल्या बूट ऑर्डरमध्ये ‘उबुंटू’ हे नाव दिसेल. मिंट उबुंटूवर उभं असल्याने ते नाव तसंच येतं. ते वर सरकवा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम अधूनमधून परत उलटा होऊ शकतो, तेव्हाही एवढंच करायचं. उलट घरातली बाकीची मंडळी विंडोजच वापरत असतील, तर विंडोजच पहिली ठेवा आणि तुम्हाला लिनक्स हवं तेव्हा बूट मेनूची कळ वापरा. आजोबांना सकाळी रेल्वेचं तिकीट काढताना अनोळखी काळा मेनू दिसायला नको.

घड्याळ चुकेल, आणि बरोबर साडेपाच तासांनी चुकेल. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, timedatectl set-local-rtc 1 ही आज्ञा जशीच्या तशी टाइप करा. दोघांची वेळ जुळते.

मग अपडेट मॅनेजर चालवा, त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर. अपडेट मोठं असतं, मोबाइलच्या डेटावर असाल तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाका. ते झालं की टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या. पुढे एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम त्या जागेवर परत नेता येते. पण टाइमशिफ्ट हा तुमच्या फोटोंचा बॅकअप नाही, घरच्या फाइली तो मुळात घेतच नाही.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट या टॅबवर जाऊन इन्स्क्रिप्ट पद्धतीचं मराठी जोडा. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय असेल, तर इनपुट मेथडमधून फोनेटिक पद्धत घाला.

दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवा. लिनक्स विंडोजची पार्टिशनं वाचतं आणि लिहितं, विंडोज मात्र लिनक्सचं पार्टिशन वाचत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते बिननावाचं, कुणाचंच नसल्यासारखं दिसतं. जागा कमी पडली म्हणून घरातल्या कुणी ते ‘रिकामं पार्टिशन’ पुसून टाकल्याच्या घटना घडतात. सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा.

## काढून टाकायचं झालं तर

इथेही क्रमच महत्त्वाचा. आधी लिनक्समधल्या फाइली बाहेर घ्या. मग बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला करा आणि विंडोज थेट सुरू होते याची खात्री करा. त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन, आकार फोटोशी जुळवून, काढा आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने जागा शेजारच्या ड्राइव्हला जोडा. हे उलट्या क्रमाने केलंत तर सुरू करताच ‘ग्रब रेस्क्यू’ लिहिलेला काळा पडदा येतो (ग्रब म्हणजे लिनक्सचा बूटलोडर). यूईएफआय मशीनवर तेव्हाही बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडला की विंडोज उघडते. लेगसी मशीनवर मात्र विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट रेकॉर्ड दुरुस्त करावा लागतो, तो पेनड्राइव्ह टप्पा ३ मध्ये तयार केला असेल तर आता बाहेर काढा. ईएफआय पार्टिशनला या सगळ्यात कधीही हात लावू नका.